अर्धवट कामाची जागा

आमच्या घरी कोणी नवीन मंडळी आली, की बैठकीतील चौरंग, स्वयंपाकघरातील दुभत्याचे कपाट व जिन्याखालची मोठी संदूक यांच्याकडे त्यांचे लक्ष जाते. थोडीबहुत वाखाणणी होते आणि मग तो ठरलेला प्रश्न येतो: "दोन लहान मुले, एवढे मोठे घर, त्यातून हे रंगकाम तुम्हांला जमते तरी केव्हा?" पुरुषमंडळी हा प्रश्न कौतुकाने विचारतात. बायका विचारतात तेव्हा त्यात थोडा संशयही असतो, व तो मला रास्त वाटतो. कारण आई रंगवीत बसली असता मूल कोणाच्या तरी कडेवर असणार, हे बाईमाणसाला न सांगता कळते. "दुपारी, मुले निजल्यावर," असे काहीतरी सांगून मी वेळ मारून नेते. पण खरे सांगावयाचे तर 'केव्हा' या प्रश्नाशी माझे फारसे अडलेले नाही. माझे अडले होते ते 'कोठे' या प्रश्नाशी, व तो मला आजवर एकाही पाहुण्याने विचारलेला नाही.

आमचे घर सांगलीस, गावभागात. मामंजी, सासूबाई, थोरले दीर, जाऊबाई व त्यांचा मुलगा, आम्ही उभयता व आमची दोन मुले, धाकटे दीर व त्यांची पत्नी अशी लहानमोठी अकरा माणसे एका छपराखाली नांदतो. एकत्र कुटुंबाला नावे ठेवण्याची हल्ली चाल पडली आहे; परंतु लहान मुलांच्या आईला या व्यवस्थेत जो एक लाभ होतो तो दोघांच्या बिऱ्हाडात मिळणे कठीण. मूल घेणारे हात पुष्कळ असतात. मामंजी नातवाला घेऊन गणपतीच्या देवळापर्यंत फिरून येतात, जाऊबाई स्वतःच्या मुलाबरोबर माझ्या मुलीचेही पाढे घेतात, आणि मला रोजचा तास-दीड तास सहज मोकळा सापडतो. मात्र जे घर वेळ देते तेच घर जागा देत नाही. प्रत्येक कोपरा सर्वांचा असतो. मी मध्येच उठून ठेवलेला कुंचला कोणी तरी प्रेमाने धुऊन, पुसून, फळीवर उभा करून ठेवते. अर्धी वाळलेली फळी कोणी 'पायांत येते' म्हणून भिंतीशी टेकवून ठेवते, आणि तिच्यावर भिंतीचा चुना उमटतो. यात कोणाचाही दोष नाही. आवरणे हा आपल्या घरांचा धर्मच आहे.

मला पुष्कळदा वाटते, की आपल्या घरांतील बायकांच्या ज्या कला परंपरेने मानल्या गेल्या त्या या धर्माला धरूनच वाढल्या. रांगोळी घ्या. आमच्या सासूबाई चैत्रात अंगणात चैत्रांगण काढतात. पाळणा, शंख, तुळशीवृंदावन, गोपद्मे, सूर्य, चंद्र हे सारे त्या ठिपका न चुकविता अर्ध्या घटकेत उभे करतात. त्यांच्या हातचे ते काम पाहून मोठमोठ्या चित्रकारांनी मान डोलवावी. पण ते दुसऱ्या दिवशीच्या सड्याबरोबर जाते. फुलांचे गजरे सायंकाळी कोमेजतात. विणकाम, भरतकाम, मण्यांची तोरणे ही टिकतात खरी, परंतु ती पिशवीत घालून खुंटीला अडकविता येतात. थोडक्यात, दोन कामांच्या मध्ये पुरे होणारे, अथवा हाक आली की घडी घालून ठेवता येणारे, तेवढेच आमच्या वाट्याला आले. रंगविलेल्या कपाटाची घडी होत नाही.

मी या कामाकडे वळले ती हौसेने नव्हे. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलाजवळची धोक्याची ४५ फुटांची रेषा पाण्याने कितीतरी मागे टाकली आणि गावभागात घरोघरी पाणी शिरले. माझी मुलगी तेव्हा वर्षाची होती. तिला छातीशी धरून आम्ही नातलगांकडे गेलो. खालच्या मजल्यावरचे सारे सामान नदीच्या स्वाधीन झाले. परत आलो तेव्हा प्लायवुडच्या वस्तू फुगून पदर सुटलेल्या अनारशासारख्या झाल्या होत्या. त्या फेकाव्याच लागल्या. जुने सागवान मात्र सावकाश वाळले व पुन्हा उभे राहिले. त्याचे पॉलिश तेवढे पांढरे पडून, ठिकठिकाणी उडून, कोड फुटल्यासारखे दिसत होते. सुताराने सारे मोडीत काढण्याचा सल्ला दिला. मला तो मानवला नाही. पुन्हा पॉलिश करण्याइतका पैसा त्या वर्षी कोणाजवळच नव्हता. तेव्हा 'मी रंगवून पाहते' असे मी म्हटले, व अशा प्रसंगी सुनेला कोणी नाही म्हणत नाही.

रंग हा विषय मला अगदीच परका नव्हता. माझे माहेर सावंतवाडीचे. तेथील चितारआळीत लाकडी फळे, खेळणी व रंगीत पाट पाहतच आम्ही मुले शाळेस जात असू. गंजिफा हा तेथला खरा अभिमान: दशावतारी गंजिफेचे १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, व प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शापर्यंत दहा मिळून बारा पाने. ही कला बुडण्याच्या पंथास लागली असता राजेसाहेब शिवरामराजे भोसले व राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी १९७० नंतरच्या दशकात तिला राजवाड्यातच आसरा दिला व पुन्हा उभे केले. दरबारात बैठ्या मेजांपाशी बसलेले कारागीर श्वास रोखून रेघ ओढताना मी लहानपणी तासन्‌तास पाहिले आहेत. पुढे दोन मे महिन्यांच्या सुट्यांत एका चितारी बाईंनी मला कुंचला धरावयास शिकविले. वेल काढताना मनगट उचलावयाचे नाही, व पान संपल्यावर थांबावयाचे, मध्ये नाही, हे त्यांचे दोन नियम मी अद्याप पाळते. मध्ये न थांबण्याचा नियम पाळणे आईच्या हाती नेहमीच नसते, एवढेच.

या कामाला घड्याळ मुलाचे लागत नाही व आईचेही लागत नाही. त्याला वाळण्याचे घड्याळ असते. दुभत्याच्या कपाटाचेच सांगते. प्रथम ते कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन दोन दिवस सुकविले. भेगांत लांबी भरली, ती वाळली. ज्याला सुतार पॉलिशपेपर म्हणतात तो काचकागद ओला करून घासला, पुन्हा वाळविले. मग अस्तर, मग रंगाचे दोन हात, त्यावर वेलबुट्टी, आणि अखेर वार्निशाचे दोन पातळ हात. प्रत्यक्ष हातात कुंचला असण्याचे तास मोजले तर बारा-चौदा भरतील. परंतु काम चालले अठरा दिवस. म्हणजे अठरा दिवस ते कपाट जाळीची दारे काढून, अर्ध्या रंगाने, कोठेतरी उभे राहिले पाहिजे, व त्याला कोणाचा हात, पदर, मांजर वा मूल लागता कामा नये. दीड तास मागणे सोपे असते. अठरा दिवसांची चार हात जमीन मागताना सुनेची जीभ जड होते.

परमुलखातील एक उदाहरण मला या संदर्भात नेहमी आठवते. स्वीडनमध्ये कारीन लार्सन नावाची बाई होऊन गेली (१८५९–१९२८). ती स्टॉकहोमच्या कला अकादमीत रीतसर शिकलेली चित्रकर्ती होती. १८८३ मध्ये कार्ल लार्सन या चित्रकाराशी तिचे लग्न झाले. तिला आठ मुले झाली, त्यांपैकी एक तान्हेपणीच गेले. १८८८ मध्ये तिच्या वडिलांनी सुंडबॉर्न या खेड्यातील एक लहानसे घर त्या जोडप्यास दिले. चित्रे काढणे तिने सोडले. परंतु त्या घरातील पडदे, अभ्रे, मुलांचे कपडे तिने स्वतःच्या कल्पनेने विणले व शिवले, खुर्च्यामेजांची रूपे आखली आणि ती गावच्या सुताराकडून करवून घेतली. नवऱ्याने त्याच घराची जलरंगातील चित्रे काढून १८९९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली, व ते घर जगात गाजले. आजही लोक ते पाहावयास जातात. नाव अर्थातच बराच काळ नवऱ्याचेच पुढे राहिले. तिने चित्रकला सोडली यात जगाचा तोटा झाला की फायदा, याविषयी तज्ज्ञांनी काय तो निवाडा करावा; मला तो तोटाच वाटतो, ते घर कितीही सुंदर असो. परंतु तिने जवळ केलेल्या साधनाकडे मी फार कुतूहलाने पाहते. तिने माग घेतला. माग ही एक अशी वस्तू आहे, की ती मांडली की मांडली. निम्मे विणलेले कापड असता संध्याकाळी तिची आवराआवर करण्याचे कोणाच्या मनात येत नाही. मुलाच्या रडण्यासरशी उठावे, दोन दिवसांनी परत यावे, तर धागा जेथे सोडला तेथेच असतो.

माझा माग म्हणजे आमची मागील पडवी. पूर्वी तेथे बंब व त्याचा लाकूडफाटा असे. बंब गेला, पाणी गॅसवर तापू लागले, आणि ती चार हातांची जागा रिकाम्या डब्यांनी व जुन्या वर्तमानपत्रांनी भरली. ती मला द्यावी ही कल्पना मामंजींची, हे मी मुद्दाम नमूद करते. कपाट रंगविताना ते दिवसातून तीनदा इकडून तिकडे हलवावे लागते हे त्यांनी पाहिले होते. त्यांनी सुतार बोलावून पडवीला कमरेइतके अर्धे दार करविले व त्याची खिटी बाहेरून, मुलाचा हात पोहोचणार नाही इतकी उंच बसविली. शिवाय रात्री जेवताना सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले, की पडवीतील वस्तू सुनेवाचून कोणी हलवावयाची नाही. त्या अर्ध्या दाराची सोय ज्याला मूल आहे त्यालाच समजेल. मुलाला मी दिसते, मला मूल दिसते. आणि रंगाला दोघांपासून अभय मिळते. एवढी गोष्ट झाल्यावर 'केव्हा' या प्रश्नाची धारच गेली. दहा मिनिटे मिळाली तरी एक पान होते; न मिळाली तर उद्या होते.

रंगांच्या निवडीतही आईपण आलेच. तेलाचा इनॅमल रंग चकचकीत व टिकाऊ खरा. पण तो वाळावयास रात्र घेतो, त्याचा व टर्पेंटाइनचा दर्प घरभर पसरतो, आणि मध्येच उठावे लागले तर कुंचला दगड होतो. पाण्यात कालवावयाचे अ‍ॅक्रिलिक रंग अर्ध्या तासात हाताला वाळतात. मूल रडले तर कुंचला पाण्याच्या भांड्यात टाकून धावता येते. म्हणून मी तेच घेते. काही मैत्रिणी मला म्हणतात, "पूर्वीचे नैसर्गिक रंग किती चांगले, तेच का वापरीत नाहीस?" यावर मी त्यांना त्या नैसर्गिक रंगांची कुळे सांगते. हरताळाचा सुंदर पिवळा हा सोमलाच्या कुळातला. हिंगुळाचा लाल पाऱ्याचा. मूळचा सफेदा शिशाचा आणि शेंदूरही शिशाचाच. देवाच्या अंगावर शोभणारी वस्तू दात येणाऱ्या मुलाच्या तोंडाशी नेण्याजोगी असतेच असे नाही. गेरू, काजळी, काव यांची गोष्ट निराळी; ती मी वापरतेही.

शिशाची ही माहिती मी केवळ विद्वत्तेसाठी मिळविली नव्हती, व तिचा उपयोग मला असा करावा लागेल हेही ठाऊक नव्हते. गेल्या वर्षी धाकट्या जाऊबाईंना दिवस गेले. सासूबाईंना आनंद झाला, आणि त्यांनी माळ्यावरचा पाळणा खाली काढविला. माळ्यावर असल्यामुळे पुरातून तो वाचला होता. मामंजी व त्यांची भावंडे त्यात निजली, आमचे हे व दोन्ही दीर निजले. थोरल्या जाऊबाईंचा मुलगा पुण्यास झाला, माझी दोन्ही बाळंतपणे माहेरी झाली. त्यामुळे तीस-बत्तीस वर्षांत त्याला कोणी हात लावलेला नव्हता. पितळी कड्या, साखळ्या, चारी बाजूंना राघू-मैनांच्या जोड्या. रंग मात्र पोपडे धरून सुटला होता. "आता आपल्या घरात रंगारीण आहे," सासूबाई शेजारणींना अभिमानाने म्हणाल्या, "बारशापर्यंत नवा दिसेल."

मी पाळणा उन्हात नेऊन पाहिला. एका कोपऱ्यावर टवका उडाला होता, व तेथे वर्तुळासारखे थर दिसत होते: वर हिरवा, त्याखाली पिवळा, त्याखाली शेंदरी, तळाशी पांढरा. जुन्या रंगांत, त्यातही पिवळ्या, नारिंगी व लाल इनॅमलमध्ये, शिशाची संयुगे सर्रास घातली जात. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लक्ष भागांत ९० भागांवर नसावे असा नियम २०१६ मध्ये झाला व १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. हा पाळणा त्याच्या कितीतरी आधीचा. शिसे आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, ते प्रयोगशाळेतच कळते. आणि निर्दोष ठरेपर्यंत जुना रंग दोषी धरावा हेच शहाणपणाचे. मुलांच्या बुद्धीवर व वाढीवर शिशाचा परिणाम होतो, आणि अमुक इतके चालेल अशी सुरक्षित मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेलाही सांगता आलेली नाही. पाळण्याचा कठडा हे तर बाळाचे पहिले दातवण. बरे, तो रंग मुळापासून काढावा, तर कोरडे घासले की धूळ, आगीने जाळले की धूर. आणि घरात माझा दीड वर्षाचा मुलगा भुईवर पडेल ते तोंडात घालणारा, शिवाय गर्भार जाऊ. बाहेर सुताराकडे धाडावा, तर त्याचीही मुले त्याच भुशात खेळतात.

मी सासूबाईंना सांगितले, की हा पाळणा मी रंगविणार नाही, व तो बाळासाठी वापरूही नये.

"माझी तिन्ही मुले यातच वाढली," त्या म्हणाल्या. "काय झाले त्यांना?"

या प्रश्नाला घरात उत्तर नसते. तिघेही दीर-नवरे समोर धडधाकट बसलेले होते. मी पुस्तकातले सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. दोन दिवस त्या माझ्याशी कामापुरते बोलल्या. इतकी वर्षे माझ्या रंगकामाला घरात 'तिचा छंद' म्हणत, व छंद असणाऱ्या सुनेने घरच्या पाळण्याला नकार द्यावा हे त्यांना अवघड जात होते, हे मला दिसत होते. त्यांच्या जागी मी असते तर मलाही अवघड गेले असते.

तिसऱ्या दिवशी मामंजींनी मला पडवीशी गाठले. "हे तू आई म्हणून सांगतेस, की रंगारी म्हणून?" त्यांनी विचारले.

"रंगारी म्हणून," मी म्हटले. "आई म्हणून मला तो पाळणा हवाच होता."

ते काही बोलले नाहीत. पण त्या दुपारी त्यांनी सुताराला निरोप धाडला. नव्या पाळण्याला सागवान कोणते घ्यावे, कठड्याच्या काठ्यांमध्ये अंतर किती असावे, हे त्यांनी माझ्याकडून लिहून घेतले; आणि सासूबाईंना त्यांनी काय सांगितले ते मला ठाऊक नाही. जुन्या पाळण्याच्या कड्या व साखळ्या चिंचेने घासून नव्याला लावावयाच्या हे मात्र सासूबाईंनीच ठरविले.

नवा पाळणा आतून व कठड्यावर कोरा आहे. नुसता घासून रेशमासारखा केला आहे, रंगाचा थेंब नाही. बाहेरच्या फळ्यांवर तेवढे रंगकाम. जुन्या राघू-मैनांवर पातळ कागद ठेवून, न खरवडता, मी त्यांच्या रेघा उतरवून घेतल्या. रंगांचा प्रश्न आला, कारण वरच्या हिरव्याखाली मूळचे काय होते ते कोणालाच दिसत नव्हते. एका दुपारी सासूबाई पाट घेऊन अर्ध्या दाराबाहेर येऊन बसल्या. माझा मुलगा त्यांच्या मांडीवर होता. "राघूची मान लाल होती, पण कुंकवासारखी नव्हे, पिकल्या मिरचीसारखी," त्या म्हणाल्या. "आणि मैना काळी नव्हती हो, तपकिरी होती. चोच पिवळी." त्यांना हे नव्या नवरीच्या वयात पाहिलेले आठवत होते. मी तीन वेळा रंग कालविला. चौथ्या वेळी त्यांनी मान हलविली. जुना पाळणा जुन्या लुगड्यात गुंडाळून पुन्हा माळ्यावर गेला आहे. तो टाकून द्यावा असे मी सुचविले नाही, आणि माझे म्हणणे त्यांना पुरते पटले आहे असेही मी समजत नाही.

पाण्याचा रंग तासाभरात वाळला तरी पुरता मुरावयास काही आठवडे जावे लागतात. म्हणून बाळ येण्याच्या महिनाभर आधी सारे पुरे करण्याचा माझा बेत आहे. डाव्या फळीवरचे राघू झाले. उजवीकडच्या मैनेचा डोळा तेवढा राहिला आहे. परवा कुंचल्याला काळा रंग घेतला आणि मुलगा उठला. तशीच उठले, व अद्याप तो डोळा तसाच कोरा आहे. सासूबाई सकाळी दूध तापवून झाले की पडवीत जाऊन तिला पाहून येतात, आणि येताना दाराची खिटी आठवणीने लावून घेतात.